वैयक्तिक कारणास्तव

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात कोकिळाताईंना शोधायला जाऊ नका. मिळणार नाहीत. दरवर्षी गुळगुळीत कागदावर नवं माहितीपत्रक निघतं. त्यात गेटजवळचा गुलमोहर असतो, माळी असतो, एका वर्षी तर संस्थाध्यक्षांचा कुत्राही येऊन गेला. पण प्राणिशास्त्राच्या पानावर नुसती सूक्ष्मदर्शकांची रांग. विभागप्रमुख म्हणून ताईंचं नाव तेवढं खाली बारीक अक्षरात. मी अर्थशास्त्र शिकवते, स्टाफरूममध्ये ताईंच्या शेजारी बसते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. कॉलेज बुलडाणा जिल्ह्यातलंच आहे. नाव सांगत नाही, मला उद्या तिथंच कामावर जायचंय.

कोकिळाताई मूळच्या वरवट बकालच्या. वडील पुंजाजी, थोडीफार कोरडवाहू शेती. घरात सगळेच काळे आणि सगळेच बुटके, त्यामुळे आपण दिसायला काही वेगळ्या आहोत हे मॅट्रिक होईपर्यंत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते काम पुढं शिकलेल्या लोकांनी केलं. आमच्या भागात जो तो उठतो आणि लोणारच्या पाण्यावर पीएच.डी. करतो. ताईंनी केली कपाशीतल्या कोळ्यांवर. पंजाबरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कपाशीच्या ओळीत गुडघे टेकून बसलेलं, तोंडात परीक्षानळीचं बूच धरलेलं. ते तेव्हा कृषी खात्यात नवीन लागले होते. त्यांनी विचारलं, ‘काही हरवलं का तुमचं?’ ताई बूच तोंडात असल्यामुळं बोलू शकल्या नाहीत. लग्न या अशा बोलण्यातून ठरलं आणि बरं चाललं.

कॉलेजमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून कुरकुर. मुलाखतीत विषयतज्ज्ञ खूश झाले होते, पण तेव्हाच्या अध्यक्षांनी विचारलं, ‘पोरं ऐकतील का बाईचं? टेबलामागून दिसत तर नाही.’ पोरं ऐकायची. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी कावळ्याचा आवाज काढला, तेव्हा ताईंनी डब्यातून हा एवढा केसाळ कोळी काढून तळहातावर घेतला आणि त्या सावकाश बाकांमधून फिरल्या. तेव्हापासून त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. ही उडतउडत ऐकलेली गोष्ट नाही, त्या वर्गात बसलेला आमचा भागवत आज इथंच लॅबमध्ये कामाला आहे, त्यानं सांगितलेलं आहे.

पण वर्ग वेगळा आणि स्टेज वेगळं. कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती आली तेव्हा सगळ्या बायकांना पोपटी साड्या आणल्या होत्या. ताईंना सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही लॅब सांभाळा, तिकडं कोणीतरी जाणकार लागेल.’ ऐकायला केवढं गोड. त्यांच्यासाठी साडी मागवलेलीच नव्हती. गेटवर औक्षणाचं ताट घेऊन काजलला उभं केलं. काजल तासिका तत्त्वावर शिकवते, नेट झालेली आहे, हुशार आहे, आणि गोरी आहे. त्या पोरीनं मला एकदा विचारलं होतं, ‘मॅडम, मले शिकवताना कोणी पाह्यलंच नाही, मंग माही नोकरी कायच्या भरवशावर आहे?’ मी काय सांगणार होते. ताट हातात आहे तोवर नोकरी आहे, आणि केस पिकले की ताट दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल.

असं सगळं चाललेलं असताना प्राचार्यांची निवृत्ती आली. नवीन प्राचार्य नेमायला परवानगी नाही, म्हणजे प्रभारी नेमायचा. आणि प्रभारीपद सेवाज्येष्ठतेनं जातं. यादीत पहिलं नाव कोकिळाताईंचं. दुसरं गजेंद्र सरांचं.

गजेंद्र सर ताईंपेक्षा वयानं जरासेच लहान. पोट सुटलेलं, केसांना आणि मिशीला महिन्याच्या महिन्याला काळा रंग, आवाज भारदस्त. अंगात सूट घातला की कुठल्याही लग्नात वधूपिता म्हणून उभं करता येईल असं व्यक्तिमत्त्व. माणूस वाईट नाही. पण आपण प्राचार्य होणार हे त्यांना इतकं माहीत होतं की त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकायला पांढरा टॉवेलसुद्धा विकत आणून कपाटात ठेवला होता.

आता हे कसं करतात ते सांगते. ज्येष्ठ माणसाला डावलायचं असेल तर त्याला डावलत नाहीत. त्याच्याकडून नकार घेतात. ‘वैयक्तिक कारणास्तव मी प्रभारी प्राचार्यपदाचा कार्यभार स्वीकारू इच्छित नाही,’ असं त्यानं आपल्या हातानं लिहून द्यायचं. तो नकार प्रस्तावाला जोडायचा, प्रस्ताव अमरावतीला विद्यापीठात पाठवायचा, आणि मग खालच्या माणसाला मान्यता येते. नकार नसेल तर मान्यता नाही. सगळीकडे हेच चालतं आणि नकार देणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही होतो.

तर सगळे ताईंच्या मागे लागले. आधी प्राचार्य म्हणाले, ‘फार डोकेदुखी असते हो या खुर्चीत.’ मग गजेंद्र सरांच्या मिसेस संत्री घेऊन घरी जाऊन आल्या. मग आमच्याच स्टाफरूममधल्या बायका सुरू झाल्या, ‘कशाले घेता ताप? चार वर्षं राह्यले तुमचे, निवांत काढा.’ ताई सगळ्यांना ‘पाहतो’ म्हणायच्या, आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. एक दिवस डबा खाता खाता मी सरळ विचारलं, ‘ताई, तुमच्या मनात काय आहे?’

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाल्या, ‘मंजू, मले ती खुर्ची पाह्यजे.’ मग म्हणाल्या, ‘लई पाह्यजे. मले स्वतःलेच लाज वाटते इतकी पाह्यजे.’

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या डब्यातली भाजी विचारल्याशिवाय संपवली.

मग अध्यक्षांचं बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणजे भगवानराव, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. खामगावला त्यांची कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे आणि संस्थेची अर्धी कामं ते जिनिंगच्या ऑफिसातूनच करतात. ताईंनी मला सोबत नेलं. सोफ्यावर, कॅलेंडरवर, देवाच्या फोटोवर, सगळीकडे कापसाचे तंतू. भाऊसाहेबांनी चहा मागवला, पंजाबरावांची विचारपूस केली, मुलीची केली. ताईंची मुलगी प्रेरणा पुण्याला नोकरी करते. मग मुद्द्यावर आले.

‘मॅडम, तुमच्या ज्ञानाबद्दल शंकाच नाही. पण ॲडमिशन कमी होऊन राह्यल्या. पालक येतेत, आधी प्राचार्याच्या केबिनमंधी डोकावून पायतेत. कॉलेजले एक चेहरा लागते. मी कापसातला माणूस आहो, मले हेच समजते. गंजीवरचा कापूस पांढरा लागते. व्यापारी वरूनच हात घालते.’

ताईंनी चहात पडलेला कापसाचा तंतू बोटानं बाजूला केला. 

‘आता वयही झालं तुमचं,’ भाऊसाहेब मायेनं म्हणाले. ‘केस पाहा कसे झाले. उंचीचंही आहेच, स्टेजवर माइक खाली करा लागते. राग नका मानू, मी लहान भावासारखा सांगून राह्यलो. गजेंद्र कसा शोभून दिसते. तुम्ही एक नकार लिहून द्या, आपण तुमचा मोठा सत्कार करू.’

मी तोंड उघडलं होतं, पण ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘पाहतो, भाऊसाहेब.’ आणि आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये मी एकटीच बडबडत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, ‘देऊन टाकतो नकार. लढून काय होते या वयात.’ मला राग आला. भाऊसाहेबांचा आला त्यापेक्षा जास्त ताईंचा आला, आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला. घरी जाऊन रात्रीचा स्वयंपाक करपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. ‘प्रभारी प्राचार्यपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मधोमध गजेंद्र सर, सूट, गॉगल, हात जोडलेले. वरच्या कोपऱ्यात भाऊसाहेब. अजून नकार नाही, प्रस्ताव नाही, काही नाही, पण सरांच्या पुतण्यांना दम कुठला निघतो. खाली शुभेच्छुकांची रांग, आम्हा सगळ्या प्राध्यापकांचे पासपोर्टएवढे फोटो, कुणालाही न विचारता.

ताई रिक्षातून उतरल्या आणि फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, ‘मंजू, माहा फोटो नाही का याच्यात?’

होता. पहिलाच होता, सेवाज्येष्ठतेनं. खाली नाव होतं, प्रा. डॉ. कोकिळा इंगळे. पण वर जी बाई होती ती गोरीपान होती, काळ्याभोर केसांची, ओठ गुलाबी. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात संगणकावर सगळ्यांचेच चेहरे उजळवून घेतात, त्यात ताईंचा इतका उजळवला की ताई उरल्याच नव्हत्या. मी बोट ठेवून नाव दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘हे मी नाही,’ त्या म्हणाल्या.

तेवढंच बोलल्या आणि सरळ लॅबमध्ये गेल्या. मी मागोमाग. त्यांनी टेबलावरचे प्रयोगाचे ट्रे बाजूला सारले, कोरा कागद घेतला आणि लिहायला लागल्या. अक्षर नेहमीसारखं गोल. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. मला तो पाठ आहे.

‘विषय : प्रभारी प्राचार्यपदाचा कार्यभार स्वीकारण्यास नकार देणेबाबत. महोदय, सेवाज्येष्ठता यादीत माझे नाव प्रथम क्रमांकावर आहे. माझा रंग काळा आहे, उंची कमी आहे, केस पिकलेले आहेत व वय झालेले आहे. त्यामुळे मी या पदावर शोभणार नाही व प्रवेश कमी होतील, असे मा. अध्यक्षांनी मला समक्ष सांगितले. या एकाच कारणास्तव मी नकार देत आहे. माझी स्वतःची इच्छा कार्यभार स्वीकारण्याची आहे. आपली विश्वासू.’

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी म्हटलं, ‘ताई, हे देऊ नका. अख्खं कॉलेज वाचेल.’

‘नकार मागतला ना त्यायनं? मंग हा घ्या नकार. खोटं कारण मी नाही लिहिणार. आजपर्यंत लॅबमंधी खोटं रीडिंग नाही लिहू देल्लं पोराईले.’

त्या ऑफिसात गेल्या. हेडक्लार्क गोपालभाऊ, त्यांच्यासमोर प्रस्तावाचा गठ्ठा. ‘आला का मॅडमचा नकार? बरं झालं, त्याच्यासाठीच थांबलं होतं सारं.’ विषय वाचला आणि शिक्का मारून आवक क्रमांक टाकला. विषयाच्या खाली नजर गेलीच नाही. का जाईल? आयुष्यभर त्यांनी नकार पाहिलेत, सगळ्यांत एकच वाक्य असतं. पुढं प्राचार्यांनी निरोप समारंभाच्या गडबडीत गठ्ठ्यावर सह्या केल्या. सचिवांनी केल्या. भाऊसाहेबांनी जिनिंगमध्ये, एका हातानं फोन धरून, केल्या. आणि गोपालभाऊ दुसऱ्याच दिवशी तो प्रस्ताव पिशवीत घालून एसटीनं अमरावतीला नेऊन देऊन आले.

त्यानंतरचे दिवस मला अजूनही नको वाटतात. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसातला फोन वाजला की मी तास सोडून दाराशी यायची. गजेंद्र सर येता-जाता प्राचार्यांच्या केबिनमध्ये पडद्याचं माप घेत होते. गेटवर तो फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. ताई शांत असतील असं तुम्हाला वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. त्यांना झोप लागत नव्हती, पंजाबराव सांगायचे की उठून अंगणात चकरा मारते. मला त्या दिवसातून कितीदा तरी विचारायच्या, ‘मंजू, चुकलं का गं माहं?’ मी नाही म्हणायची आणि मलाही खात्री नसायची.

आणि एके दिवशी दुपारी फोन आला. विद्यापीठातल्या कुणी अधिकाऱ्यानं प्राचार्यांना विचारलं, ‘सर, तुम्ही हे वाचून पाठवलंय का?’ प्राचार्य म्हणाले, ‘अर्थातच.’ तेव्हा त्यांनी ते पत्र फोनवर वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. कुणी काढला, कुणी टाकला, आजवर कळलं नाही. मलकापूरपासून मेहकरपर्यंत प्राध्यापकांचे जेवढे ग्रुप असतील तेवढ्यांत तो फिरला. काहींनी मुठीची चिन्हं टाकली, काहींनी हसण्याची.

प्रेरणाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी ताईंच्या घरी होते. ती रडत होती. ‘आई, तू तुझ्या हातानं स्वतःबद्दल असं लिहून दिलंस? माझ्या ऑफिसातल्या मुलीनं मला दाखवलं. ती म्हणाली, ही तुझी आई का?’

ताईंनी विचारलं, ‘मंग तू काय सांगतलं?’

पलीकडून काही उत्तर आलं नाही. ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी पोरीला काय बोलले ते आता आठवत नाही, बहुतेक रागावलेच असेन.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः आले. अध्यक्ष प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच येत होते, दार कुठलं हे भागवतला दाखवावं लागलं. मागे गजेंद्र सर. मी तिथंच होते आणि हलले नाही.

‘मॅडम, असं करतेत का? घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली तुम्ही. इज्जत गेली साऱ्याइची.’ मग आवाज खाली आला. ‘जाऊ द्या. विद्यापीठ म्हणते सुधारित नकार पाठवा. आता दुसरा लिहून द्या.’

‘देतो ना,’ ताई म्हणाल्या. त्यांनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. ‘कारण सांगा, काय लिहू.’

‘वैयक्तिक लिहा.’

‘वैयक्तिक मले काहीच नाही. माही इच्छा आहे. दुसरं काही कारण असलं तर सांगा, मी लिहितो.’

भाऊसाहेब विचार करू लागले. कुठल्याही कार्यक्रमात माइक सोडत नाहीत असा माणूस, पण शब्द सापडेना. ‘तब्येत?’ ते म्हणाले. ताई म्हणाल्या, ‘ठणठणीत आहे, गेल्या साली एकबी सुट्टी नाही घेतली.’ ‘घरची अडचण?’ ‘पंजाबराव रिटायर झाले, घरचा सैंपाकबी तेच करतेत.’ ‘प्रशासनाचा अनुभव?’ ताईंनी गजेंद्र सरांकडे पाहिलं. सर आपल्या बुटांकडे पाहत होते. त्यांना बिचाऱ्यांना परीक्षा विभाग चालवायला ताईंनीच शिकवलं होतं.

‘बरं, मंग...’ भाऊसाहेब म्हणाले आणि थांबले. त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या पेन घेऊन वाट पाहत होत्या, शाळेत श्रुतलेखनाला बसल्यासारख्या. मग भाऊसाहेबांनी मान फिरवली. ‘घ्या चार्ज,’ ते म्हणाले. ‘एक तारखेपासून घ्या. पण ॲडमिशन कमी झाल्या तर तुमच्यावर.’ आणि निघून गेले. गजेंद्र सर जाताना दाराशी अडखळले, काहीतरी ‘अभिनंदन’सारखं पुटपुटले.

मी तर उड्या मारायच्याच बाकी होत्या. भागवतला पेढे आणायला पिटाळलं, काजलला हाक मारली, खिडकीतून समोरच्या वऱ्हांड्यात ओरडून सांगितलं. वळून पाहिलं तर ताई तशाच बसलेल्या. पेन हातात, कागद कोरा. 

‘ताई, अहो झालं की तुमच्या मनासारखं.’

‘हाव,’ त्या म्हणाल्या. टोपण शोधत होत्या, ते समोरच पडलेलं होतं तरी त्यांना दिसत नव्हतं. ‘मंजू, किती कारणं शोधली त्यानं. तब्येत म्हणला, घर म्हणला, अनुभव म्हणला. पण मॅडम, तुम्ही लिहिलं तशा तुम्ही नाहीत, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून नाही निघालं.’